सिस्टर हॅचेटची एकुलती कॅसेट

१

कॅसेट मेली ती गुरुवारी संध्याकाळी, सहाला दहा मिनिटं कमी असताना, तीन माणसांच्या डोळ्यांदेखत.

जागा होती दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या दुसऱ्या मजल्यावरचा अंकुर साठेचा स्टुडिओ. अंकुर साउंड इंजिनियर. जुन्या फितींतला आवाज कॉम्प्युटरवर उतरवून घेणं हे त्याचं काम. त्याने कॅसेट प्लेअरमध्ये सरकवली, बटण दाबलं आणि एका बाईचा खरखरीत, संतापलेला आवाज दार लाथाडल्यासारखा खोलीत घुसला. फोनवरून अमेरिकेतून ऐकणारी बाई ओरडली, "ही मी! अगं, ही मीच!"

सुमैय्या मुकादमच्या अंगावर काटा आला. याच क्षणासाठी तिने शिपिंग कंपनीतली नोकरी सोडली होती.

दोन मिनिटं झाली. मग आवाज जडावला, ताणला गेला आणि आतून कुरकुर ऐकू आली. अंकुरने झडप घालून मशीन बंद केलं, पण उशीर झाला होता. झाकण उघडलं तर फितीचा चुरगळलेला गुंता रोलरभोवती आवळून बसलेला. राहिलेली फीत त्याने बोटाने हळूच ओढून पाहिली. तिच्यावरचा तपकिरी लेप पापुद्र्यासारखा सुटून त्याच्या हातावर पडला. खाली नुसतं पारदर्शक प्लास्टिक.

"गेली," अंकुर म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "आवाज त्या लेपातच असतो. आता यातून काहीच निघणार नाही."

तिसरे होते चारुदत्त नेने. पंचावन्नच्या घरातले, मोठ्या आयटी कंपनीत वरच्या हुद्द्यावर, चार हजार रेकॉर्ड बाळगणारे संग्राहक. सुमैय्याच्या रेकॉर्डची कव्हरं ते हौसेने करून देत. त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले.

"तीस वर्षं समुद्राच्या दमट हवेत पडलेली," ते म्हणाले. "दुसरं काय होणार?"

फोनवरून त्या बाईने विचारलं, "पोरी, माझा आवाज थांबला का?"



२

त्या बाईचं नाव लोरेटा पेटवे. अलाबामा राज्यात मोबील नावाचं बंदर आहे, तिथे ती शाळेची बस चालवते. एकोणीसशे चौऱ्याण्णव साली, सव्वीस वर्षांची असताना, तिने सिस्टर हॅचेट या नावाने रॅप केलं होतं. हॅचेट म्हणजे कुऱ्हाड. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या ज्या पोरापोरींना कुठली कंपनी दारात उभं करत नसे, ती घरातच गाणी रेकॉर्ड करत, घरातच कॅसेटी भरत आणि गाडीच्या डिकीतून विकत. लोरेटाने अशा दोनशे कॅसेटी भरल्या. नाव ठेवलं 'आय ओन्ट हश', म्हणजे मी गप्प बसणार नाही. पुढे वादळात तिचं घर पाण्याखाली गेलं आणि तिच्याकडे एकही उरली नाही.

एक मात्र उरली होती दुबईपासून दीड तासावरच्या खोर फक्कान बंदरात, सुमैय्याच्या चाचांच्या पत्र्याच्या पेटीत. अक्रम मुकादम, मूळ रत्नागिरीचे, बोटीवर खलाशी होते. मोबीलच्या गोदीबाहेर त्यांनी ती खुद्द लोरेटाच्या हातून घेतली होती. चार वर्षांपूर्वी त्या पेटीतल्या कॅसेटी पाहूनच सुमैय्याच्या डोक्यात हे खूळ शिरलं. असे विस्मृतीत गेलेले गायक शोधायचे, त्यांची परवानगी घ्यायची आणि त्यांच्या कॅसेटी व्हायनलच्या तबकड्यांवर पुन्हा काढायच्या. जुमेरा लेक टॉवर्समध्ये एका खोलीचं ऑफिस, कंपनीचं नाव 'खाडी रेकॉर्ड्स'. दोन रेकॉर्ड निघाल्या होत्या, ही तिसरी. लोरेटाने तीन अमेरिकन कंपन्यांना नकार दिला होता. सुमैय्याला मात्र हो म्हणाली. "तू एकटीच अशी, जिने आधी मला काय हवंय ते विचारलं," असं तिने सांगितलं होतं.

आणि आता हे. शुक्रवारी सकाळी संग्राहकांच्या वेबसाइटवर बातमी झळकली होती: दुबईच्या मुलीने जगातली एकमेव कॅसेट नासवली.

अब्बांचा फोन आला. "सुमैय्या, झालं ते बरंच झालं म्हण. शिव्यांच्या गाण्यांचं दुकान कशाला चालवायचं? सोड आता. खलास."

"खलास कधी ते मी ठरवीन, अब्बा," ती म्हणाली आणि फोन ठेवला. लगेच तिने दुसरा नंबर लावला.

फिरदोस फुफी, अब्बांची आणि अक्रम चाचांची बहीण. सव्वीस वर्षं खोर फक्कान बंदरात कार्गो सर्व्हेयर. बोटीतून आलेला माल कुजला, भिजला, फुटला की तो कोणाच्या चुकीने हे ठरवणारी बाई. पहिल्या वर्षी कप्तान तिला शिडीवरूनच परत पाठवत, "जनाना कुठे उतरणार खाली?" म्हणून. फुफी उतरायचीच.

दुपारी ती ऑफिसात आली. सलवार-कमीज, डोक्याला घट्ट ओढणी, पायात लोखंडी टोकाचे बूट. खुर्ची ओढून तिने टेबलावरचं प्लास्टिकचं डबडं पुढे घेतलं. त्यात कॅसेटचं कवच आणि फितीचा गुंता होता.

"रडून झालं का गो?"

"झालं."

"मग सांग. ही दोन मिनिटं वाजलेली फीत, ती गुंडाळीच्या आत असते की बाहेर?"

"सुरुवात सगळ्यात बाहेर असते. वाजत जाईल तसं आतलं सुटतं."

फुफीने भिंग काढलं. बराच वेळ तिने बाहेरची फीत पाहिली, मग आतली.

"तांदळाची पोती भिजली," ती सावकाश बोलली, "तर ओल कुठून शिरते? बाहेरून. बाहेरचं कुजतं, मधलं धड राहतं. इथे बघ, बाहेरचं दोन मिनिटं धड आणि आतलं सगळं सडकं. समुद्राची हवा असं करत नाही, पोरी. असं माणूस करतो."

३

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम खराब केली?" सुमैय्याने विचारलं.

"केली असेल. पण काय खराब केलं, ते आधी बघू. बंदरात एक जुनी लबाडी आहे. चांगला माल परस्पर काढायचा, पोत्यात कुजका भरायचा आणि पाण्याच्या नावाने बोंब मारायची. म्हणून मी कुजका मालही मोजते. तुझ्या कॅसेटमध्ये फीत असते किती?"

"साठ मिनिटांची असेल तर नव्वद मीटर. नव्वद मिनिटांची असेल तर एकशे पस्तीसच्या आसपास."

"चल, मोजू."

ऑफिसबाहेरचा, एकोणिसाव्या मजल्याचा कॉरिडॉर पंधरा मीटर लांब भरला. एका टोकाला खुर्ची ठेवली, दुसऱ्या टोकाला पाण्याच्या कूलरचा दांडा होताच. सुमैय्या गुडघ्यांवर बसून फीत सोडत गेली आणि फुफी ती ओढणी सावरत या टोकाहून त्या टोकाला नेत राहिली. लेपाची भुकटी कार्पेटवर सांडत होती. शेजारच्या ऑफिसातली माणसं दारात येऊन बघायला लागली. एकाने विचारलं, "क्या चल रहा है, मॅडम?"

"सर्व्हे," फुफी म्हणाली. "यल्ला, बाजूला व्हा."

सहाव्या फेरीला सुमैय्या थांबली. हातातली चकती अजून जाड होती. सातवी फेरी झाली, आठवी झाली. नवव्या फेरीला फीत संपली.

"एकशे पस्तीस," सुमैय्या म्हणाली. "नव्वद मिनिटांची."

"आता त्या बाईला विचार, तिने कसली भरली होती. कोणी शिकवल्यासारखं विचारू नकोस. नुसतं विचार."

मोबीलमध्ये सकाळची शाळेची फेरी संपायला अवकाश होता. दोन तास थांबावं लागलं. लोरेटाचा फोन लागला तेव्हा सुमैय्याने शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "मिस लोरेटा, तुम्ही कोऱ्या कॅसेटी किती मिनिटांच्या घ्यायचात?"

"साठच्या," लोरेटा क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "गठ्ठ्याने. नव्वदची कधीच नाही. तिची फीत पातळ असते, गाडीतल्या प्लेअरमध्ये अडकते. आणि माझं गिऱ्हाईक गाडीतच ऐकणारं. का गं?"

सुमैय्याने फुफीकडे पाहिलं. फुफी कवचाचे स्क्रू भिंगाखाली धरून बसली होती. गंजलेले पाच स्क्रू, पण प्रत्येकाची खाच नव्याने घासल्यासारखी चमकत होती.

"कवच तेच, आतली फीत दुसरी," फुफी म्हणाली. "तुझी कॅसेट मेलेली नाही. चोरीला गेली आहे."

४

संशयित तीन होते, आणि तिघंही आपलेच. चाचांकडे कॅसेट तीस वर्षं होती. त्यांच्याकडून आणल्यावर सुमैय्याने ती थेट चारुदत्त सरांना दिली, कव्हरसाठी फोटो काढायला. तिथे ती तीन दिवस होती. मग अंकुरकडे गेली. सुमैय्याने आधीच पाठवलेल्या फोटोत फितीच्या कडेला बुरशीचा ठिपका दिसत होता, म्हणून अंकुरने सगळ्यांना बजावलं होतं, की ही कॅसेट एकदाच वाजेल आणि ती त्याच्याच मशीनवर. त्यामुळे ती कोणीही वाजवली नव्हती. सुमैय्यानेसुद्धा नाही.

"फीत बदलली गेली हे आपल्या दोघींतच ठेव," फुफीने बजावलं. "बाकीच्यांसाठी मी नुसती नुकसानीची चौकशी करते आहे."

आधी चारुदत्त सर. त्यांचा फ्लॅट ऑफिसच्याच वस्तीत, तळ्यापलीकडच्या टॉवरमध्ये. जमिनीपासून छतापर्यंत रेकॉर्ड, खोलीत बोचरा थंडावा. त्यांनी स्वतः चहा केला.

"मॅडम, आय ब्लेम मायसेल्फ," ते फुफीला म्हणाले. "मीच सुमैय्याला पुश केलं, की हीच काढू. अशी कॅसेट जगात दुसरी नाही. विचार करा, एकच!"

"तुमच्याकडे होती तेव्हा कशी होती?"

"परफेक्ट. म्हणजे बाहेरून. फोटो काढले, परत केली. आतलं मला काय दिसणार?" त्यांनी कप खाली ठेवला. "वाईट याचं वाटतं, की असा रॉ साउंड आता कोण करतं? स्टुडिओ नाही, पैसे नाहीत. शेवटच्या गाण्यात तिची लहान लेक मागे पातेलं बडवते, तोच ठेका. आज लाखो रुपये घालून तसा ठेका होणार नाही."

सुमैय्याच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. फुफीने आपल्या छोट्या वहीत काहीतरी लिहिलं, चहा छान झालाय म्हणाली आणि उठली.

तिथून सिलिकॉन ओएसिस. अंकुर दाढी न करता बसला होता. "फुफी, मला शिव्या घाला. मशीन माझं होतं."

"शिव्या नंतर. तुझ्या कॉम्प्युटरात ती दोन मिनिटं उतरलीत ना? त्यात काही परकं आहे का, बघ."

"परकं म्हणजे?"

"पोत्यात खडा निघाला तर तो कुठल्या गावचा, ते मी सांगू शकते. आवाजात तसं काही नसतं का?"

अंकुरने पडद्यावर आवाजाचा आलेख उघडला आणि खालचा भाग मोठा केला. पाहता पाहता तो खुर्चीत सरळ झाला.

"विजेचा गुणगुणाट," तो म्हणाला. "भिंतीतल्या विजेवर मशीन चालवलं, की एक बारीक गुंऽऽ फितीवर उतरतो. अमेरिकेत वीज सेकंदाला साठ वेळा हेलकावते. ही बघा साठची रेघ, लोरेटाच्या घरची. पण ही दुसरी, पन्नासची! पन्नास म्हणजे इकडची वीज."

"तुझ्याच स्टुडिओची नसेल कशावरून?"

त्याने त्याच दिवशी उतरवलेली दुसरी एक कॅसेट उघडून दाखवली. तिच्यात पन्नासची रेघ नव्हती. मग तो म्हणाला, "फुफी, ही ओरिजिनल नव्हतीच. ही कॉपी आहे. इथेच कुठेतरी विजेवरच्या मशीनवर केलेली. आणि ही गोष्ट सगळ्यात आधी मला कळायला हवी होती."

"हे लिहून सही करून देशील?"

"आत्ता देतो."

परतताना गाडीत सुमैय्या विचार करत होती. अंकुर खरं बोलत असेल का? मशीन त्याचं, कॅसेट शेवटी त्याच्याकडे, आणि कॉपी करायला त्याच्याइतकं कोणाला जमणार?

"उद्या सकाळी खोर फक्कान," फुफी म्हणाली. "आता माझ्या भावाची पाळी."

५

डोंगरातले बोगदे संपले आणि निळा समुद्र दिसला. अक्रम चाचांच्या घराच्या खिडकीतून बंदराच्या क्रेन दिसतात. चाचा आता पाच वेळचे नमाजी. सुमैय्याचं काम त्यांना पसंत नव्हतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नव्हतं.

"कितीला विकणार होतीस ती तबकडी?" त्यांनी विचारलं.

"एकशे वीस दिरहम."

"म्हणजे पावणेतीन हजार रुपये! त्या शिव्यांचे?"

"भाईजान," फुफीने सरळच विचारलं, "कॅसेट देताना तुम्ही आतलं काही बदललंत का? तिने ते लोकांना ऐकवू नये म्हणून?"

चाचा ताठ झाले. सुमैय्याला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते उठले आणि आतून एक काळा प्लेअर घेऊन आले. चार सेलवर चालणारा, कानाला लावून ऐकायचा. त्याला रेकॉर्डचं बटणच नव्हतं, वायर लावायची खाचही नव्हती.

"माझ्याकडे एवढंच आहे. बोटीवर यावरच ऐकायचो." ते खाली बसले. "फिरदोस, नको वाटलं असतं तर जाळून टाकली असती. लपवाछपवी करायला मी कोणाला घाबरतो? आमच्या बोटीचा कप्तान आम्हाला जनावरासारखं राबवायचा. तोंडातून शब्द काढायची सोय नव्हती. ज्या शिव्या मला त्याला द्यायच्या होत्या त्या ही बाई देत होती. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण राग पुरा कळायचा. शेकडो वेळा ऐकली मी ती. शेवटी एक बारकी पोर काहीतरी बडवते, पातेलं की काय, तिथे तर मी हसायचो."

सुमैय्याच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

"चाचा, हे तुम्ही आणखी कोणाला सांगितलंत?"

"कोणाला सांगणार? या घरात त्या कॅसेटचं नाव कोण काढतं?"

"चारुदत्त नेने म्हणून कोणी तुम्हाला कधी भेटले? फोनवर बोलले?"

"कोण नेने?"

तिने तिथूनच लोरेटाला मेसेज टाकला. मोबीलमध्ये मध्यरात्र उलटली होती, पण लोरेटा जागी होती. उत्तर लगेच आलं. पातेल्याचं तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. ते ठरवून केलेलं नव्हतं, लेक मध्येच आली आणि बडवायला लागली. तिने सुमैय्याला गाण्यांचे शब्द लिहून पाठवले होते, त्यातही ते नव्हतं.

गाडीत बसल्यावर सुमैय्या म्हणाली, "फुफी..."

"बोल. मी काल वहीत लिहून ठेवलंय, पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

"गुरुवारी दोनच मिनिटं वाजली. शेवटचं गाणं चाचांशिवाय आणि मिस लोरेटाशिवाय आपल्यातल्या कोणीच ऐकलेलं नाही. मग चारुदत्त सरांना पातेलं कुठून कळलं? ते तेव्हाच कळेल, जेव्हा पूर्ण कॅसेट त्यांनी वाजवली असेल. त्यांच्याकडे होती त्या तीन दिवसांत, किंवा त्यानंतर रोज."

"आणि अंकुर?"

"अंकुरनेच पन्नासची रेघ काढून दाखवली. ती त्याला दाबता आली असती, आपल्याला काय कळणार होतं? आणि चोरी त्याची असती, तर कॅसेट वाजवूनही 'आतलं मला काय दिसणार' असं सर कशाला म्हणाले असते?"

फुफीने मान हलवली. "अक्कल आहे तुला. आता माल परत कसा आणायचा, ते बघ. तो माणूस म्हणेल, मला कोणीतरी सांगितलं. आपल्या हातात एक पातेलं आहे, दुसरं काही नाही."

६

त्याच दुपारी दोघी चारुदत्त सरांच्या दारात उभ्या राहिल्या. फुफीच्या हातात टाइप केलेला कागद होता.

"सर्व्हे रिपोर्ट," ती बसता बसता म्हणाली. "तुमचं नाव आहे, म्हणून आधी तुम्हाला वाचून दाखवते. 'कॅसेटच्या कवचाचे स्क्रू उघडलेले आढळले. फीत श्री. नेने यांच्या ताब्यात असताना कवच उघडून हाताळली गेली. हाताळणाऱ्याच्या अज्ञानामुळे आणि निष्काळजीपणामुळे जगातील एकमेव प्रत कायमची नष्ट झाली.' सुमैय्या हे संग्राहकांच्या वेबसाइटवर टाकणार आहे."

चारुदत्त सर हसले. "मॅडम, कायच्या काय! अज्ञान? मी तीस वर्षं फिती हाताळतोय."

"मालकच असं म्हणतात, नंतर माल सडका निघतो. तुम्हाला कॅसेट सांभाळायचं ज्ञान नव्हतं, एवढंच मी लिहिलंय."

"ज्ञान नव्हतं?" त्यांचा आवाज चढला. "यांच्यापैकी एकाला तरी माहीत आहे का फीत कशी ठेवतात? हिने ती पर्समध्ये आणली होती, पर्समध्ये! माझ्याकडे ती अठरा डिग्रीला आहे, उभी, स्टीलच्या—"

ते थांबले. 

"आहे," फुफी म्हणाली. "होती नाही. आहे."

चारुदत्त सर उठून खिडकीपाशी गेले. पाठ करूनच बोलायला लागले.

"मी तिला काही केलेलं नाही. कॉपीची फीत नासवली, ओरिजिनलला धक्का लावला नाही. तुला कळणार नाही, सुमैय्या. तू पाचशे तबकड्या काढणार, कोणीही घेणार, कॉफीशॉपमध्ये वाजवणार. एक गोष्ट जगात एकच आहे आणि ती माझ्यापाशी आहे, याची किंमत... तू ती कॉमन करणार होतीस."

सुमैय्या उभी राहिली. इतका वेळ तिला वाटत होतं की समोरासमोर आली की ती रडेल. तसं झालं नाही.

"सर, गुरुवारी तुम्ही तिथे बसून चष्मा काढून डोळे पुसलेत. ती बाई फोनवर विचारत होती, माझा आवाज थांबला का. तुम्हाला माहीत होतं की थांबलेला नाही. आणि तुम्ही गप्प बसलात."

ते वळले नाहीत.

"तुमच्या थंड कपाटात एक जिवंत बाई बंद आहे," ती म्हणाली. "ती मला परत द्या. आत्ता. नाही दिलीत तरी मी इथून हलणार नाही. पोलीस बोलवायचे तर तुम्ही बोलवा."

फुफीने बूट काढले आणि सोफ्यावर मांडी घालून बसली. पाव तास गेला. चारुदत्त सर आत गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात चौकोनी स्टीलची डबी होती, आणि ती टेबलावर ठेवताना त्यांनी ती दोन्ही हातांनी ठेवली.

सोमवारी संध्याकाळी अंकुरच्या स्टुडिओत साठ मिनिटांची खरी फीत नव्या कवचात घालून वाजली. दोन्ही बाजू, एकदाही न अडखळता. अक्रम चाचा खोर फक्कानहून आले होते. कोपऱ्यात डोळे मिटून बसले. फोनवरून लोरेटा ऐकत होती. फीत संपल्यावर सुमैय्याने तिला सगळं सांगितलं. कोणी घेतली, का घेतली.

"दुर्मीळ?" लोरेटा म्हणाली. "त्या वेळी मला कोणी ऐकलं नाही, त्याला तो दुर्मीळ म्हणतो? मला दुर्मीळ व्हायचं नाही, पोरी. मागतील तितक्या काढ. संपल्या की पुन्हा काढ."

"मिस लोरेटा, पोलिसांत द्यायचं का त्यांना?"

"मला तुरुंग नको, मला गिऱ्हाईक हवं."

त्या वाक्याची सुमैय्याने छापील पट्टीच करून ऑफिसच्या दारावर लावली. अब्बा पहिल्यांदा ऑफिसात आले, त्यांनी ती वाचली. जाताना एवढंच म्हणाले, "पेटीत आणखी कॅसेटी आहेत म्हणतो अक्रम."

फेब्रुवारीत तबकड्या आल्या. शनिवारी तळ्याकाठी छोटा बाजार भरला होता, तिथे सुमैय्याने टेबल मांडलं. अंकुरने स्पीकर लावला आणि सिस्टर हॅचेटचा आवाज पाण्यावरून पलीकडच्या टॉवरांवर जाऊन आदळायला लागला. एका बाईने मुलाचे कान झाकले. तिच्या नवऱ्याने रेकॉर्ड घेतली. दुपारपर्यंत निम्मा खोका रिकामा झाला.

रांगेत पाचव्या नंबरावर चारुदत्त नेने उभे होते. अंकुर पुढे सरसावला, पण सुमैय्याने त्याला हाताने थांबवलं.

त्यांची पाळी आली. त्यांनी तबकडीचं कव्हर उलटंपालटं करून पाहिलं. ते दुसऱ्या कोणाकडून करून घेतलं होतं. मग कोपऱ्यात, मग मागे, मग आत, ते काहीतरी शोधत राहिले.

"नंबर कुठे टाकलाय?" त्यांनी हळूच विचारलं. "ही कितवी प्रत?"

"कितवी नाही, सर. नंबर टाकलेच नाहीत," सुमैय्या म्हणाली. "एकशे वीस दिरहम."

त्यांनी पैसे दिले. तिने सुटे मोजून परत केले, तबकडी पिशवीत घातली, आणि त्यांच्या खांद्यावरून मागे बघत विचारलं, "पुढे कोण आहे?"